रुळांची सरळी : पाहणी आणि दुरुस्ती

रेल्वेमार्ग आखला जातो एका रेषेवर आणि काही वर्षांनी उभा असतो दुसऱ्या. फरक बहुधा पाच-दहा मिलिमीटरांचाच असतो. गाडीगणिक बसणारे आडवे धक्के, उन्हाने लांबू पाहणारे पोलाद, खडीत साचलेली माती, तिच्याखालचा भराव, यांपैकी कुणीतरी रुळाला बाजूला रेटलेले असते. मार्गाच्या भूमितीत एकूण चार दोष मोजले जातात: दोन रुळांमधले अंतर म्हणजे गेज, रुळाच्या माथ्याचा खालीवरपणा, दोन रुळांच्या पातळीतला पीळ आणि रुळांची ही डावी-उजवी ढळ, म्हणजे सरळीतला दोष. भारतीय रेल्वेत मार्गाची प्रत ठरवण्यासाठी जो ट्रॅक जॉमेट्री इंडेक्स रूढ झाला, त्यात दहापैकी सहा भार एकट्या सरळीचा आहे. खालीवरपणाला दोन आणि गेज व पीळ यांना एकेक. हे माप बेतणाऱ्यांना गाडीचा स्वभाव ठाऊक होता. खालून आलेला हादरा डब्याच्या स्प्रिंगा बऱ्यापैकी गिळतात. बाजूचा हादरा मात्र चाकाच्या काठातून थेट रुळावर जातो आणि वर बसलेल्या प्रवाशाला उभ्या धक्क्यापेक्षा लवकर जाणवतो. शिवाय एकदा पडलेला बाक आपोआप वाढतो, कारण त्याच जागी प्रत्येक चाक त्याच बाजूला टोला देते.

पाहणीचे सर्वांत जुने साधन डोळा, आणि ते अजून निकामी झालेले नाही. दोनपैकी एक रूळ पायाचा मानायचा; वळणावर सरळीसाठी तो बाहेरचा असतो. गँगचा मुकादम त्या रुळापाशी ओणवा होऊन, गाल जवळजवळ पोलादाला लावून, पन्नासेक मीटर पुढे नजर टाकतो. रुळाच्या आतल्या काठावरची चकाकती रेघ जिथे जाड-बारीक दिसते तिथे बाक असतो. हे काम सकाळी करायचे. ऊन चढले की रुळावरची हवा थरथरू लागते आणि सरळ रूळही नागमोडी दिसतो. मुकादमाने हात हलवला की पुढे उभे ट्रॅकमन रुळाखाली पहारी घालतात आणि एकाच्या हाळीवर बाकीच्यांचा जोर एका क्षणी लागतो. क्षण चुकला तर पहारी नुसत्या खडी उकरतात. काँक्रीटच्या एका स्लीपरचे वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास असल्याने आता अशी सरकवणूक लहान बाकांपुरतीच उरली आहे. मोठ्या कामाला जॅक किंवा यंत्र लागते.

डोळा बाक दाखवतो, पण तो किती आहे हे सांगत नाही. त्यासाठी दोरी. रुळाच्या आतल्या बाजूला, माथ्यापासून साधारण १४ मिलिमीटर खाली, ठरलेल्या लांबीची दोरी ताणतात आणि तिच्या मध्यबिंदूपासून रुळाचे अंतर पट्टीने मोजतात. या अंतराला व्हर्साइन म्हणतात. सरळ मार्गावर दोरी ७.५ मीटरची असते. रूळ दोन्हीकडे ढळू शकतो, म्हणून दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे धरतात आणि मध्ये त्या जाडीपेक्षा किती कमी-जास्त भरले ते लिहितात. वेगवान गाड्यांच्या सरळ मार्गावर ५ मिलिमीटर ही साधारण मर्यादा आणि एखाद-दुसऱ्या ठिकाणी १०.

वळणावर दोरी २० मीटरची, आणि मापे दर १० मीटरला. हिशेब सोपा आहे. ५०,००० ला वळणाच्या त्रिज्येने (मीटरमध्ये) भागले की मिलिमीटरमध्ये व्हर्साइन मिळते. १७५० मीटर त्रिज्येच्या सौम्य वळणावर ते २९ भरते, ८७५ मीटरवर ५७ आणि ब्रॉडगेजवर चालू शकणाऱ्या सर्वांत तीव्र, १७५ मीटरच्या वळणावर २८६. वळण निर्दोष असेल तर सगळे आकडे सारखे यायला हवेत. प्रत्यक्षात ते कधीच येत नाहीत. एकेका आकड्यापेक्षा शेजारच्या दोन आकड्यांमधली तफावत अधिक बोलते, कारण गाडीला झटका बसतो तो वळण तीव्र असल्याने कमी आणि वळणाची तीव्रता अचानक बदलल्याने जास्त.

दोरीला एक आंधळी जागाही आहे. ती पाठ्यपुस्तकांत असते आणि कामाच्या जागी विसरली जाते. रूळ ३० मीटर लांबीच्या लाटेत ढळला असेल, तर ७.५ मीटरच्या दोरीला त्या ढळीचा तिसरा हिस्सासुद्धा दिसत नाही. उलट लाट ७.५ मीटरची असेल तर तीच दोरी ढळ दुप्पट करून दाखवते. २० मीटरच्या दोरीला १० मीटरची लाट मुळीच सापडत नाही, कारण दोन्ही टोके आणि मध्य एकाच बाजूला सारखे ढळलेले असतात. हा गणिताचा खेळ नव्हे. ताशी ११० किलोमीटरने धावणारी गाडी ३० मीटरची लाट सुमारे एका सेकंदात ओलांडते आणि डब्याची आडवी डुलकीही साधारण त्याच लयीची असते. म्हणजे प्रवाशाच्या हातातला चहा सांडवणारी लाट नेमकी लहान दोरीच्या नजरेतून निसटते. वहीत आकडे चांगले आणि डब्यात हेलकावे, अशी तक्रार आली की आधी दोरीची लांबी विचारावी.

लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या देखरेखीखाली धावणाऱ्या ट्रॅक रेकॉर्डिंग गाड्यांनी ही उणीव बरीच भरून काढली. त्यांच्यातली त्वरणमापके आणि लेझर संवेदक रुळाला न शिवता लांब लाटाही पकडतात. याशिवाय चालू गाडीच्या डब्यात ठेवायचे हेलकावे मोजणारे यंत्र आहे आणि निरीक्षकाचा शेवटच्या डब्यातला प्रवासही आहे. धक्का बसला की तो बाहेरच्या विजेच्या खांबावरचा क्रमांक टिपतो. वर किलोमीटर, खाली त्या किलोमीटरातला खांब. दुसऱ्या दिवशी दोरी घेऊन जायचे ते त्याच खांबापाशी. रोज आपला टप्पा पायी तुडवणारा कीमॅन मात्र या सगळ्यांच्या आधी तिथे पोचलेला असतो. सुटलेली क्लिप, स्लीपरच्या टोकाशी खडीत पडलेली बारीक फट, लायनरखाली उमटलेली घसपटल्याची चकाकी, या खुणा कुठल्याही आलेखात यायच्या आधी त्याला दिसतात. फटीचा अर्थ उघड आहे: स्लीपर आडवा हलतो आहे.

वळण सुधारायचे तर एक नियम पक्का धरावा लागतो. कोणताही एक बिंदू जितका सरकवावा तितके त्याचे व्हर्साइन बदलते आणि दोन्ही शेजाऱ्यांचे त्याच्या निम्म्याने, उलट दिशेने. त्यामुळे सगळ्या व्हर्साइनची बेरीज कायम राहते. ती बदलायची तर वळणाच्या दोन्ही टोकांच्या सरळ रेषाच हलवाव्या लागतील. समजा, ८७५ मीटरच्या वळणावर ओळीने ५७, ४९, ७३, ४९, ५७ अशी मापे आली. मधला बिंदू १६ मिलिमीटर आत ढकलला की ७३ चे ५७ होतात, दोन्हीकडच्या ४९ मध्ये आठ-आठ मिळून तेही ५७. मापे तीन ठिकाणी बिघडलेली, दोष एकाच ठिकाणी. नवखा निरीक्षक इथे तिन्ही जागी पहारी लावतो आणि नवे दोन बाक तयार करतो. हॅलेड या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत हाच नियम संपूर्ण वळणाला लावते. मोजलेल्या आणि हव्या असलेल्या व्हर्साइनमधल्या फरकांची दोनदा बेरीज करत गेले आणि ती दुप्पट केली की प्रत्येक बिंदूची सरकवणूक हाती येते. आता हे गणित संगणक करतो. तरी पूल, बोगदा, फलाट, काटे अशा न हलणाऱ्या जागा कोणत्या, हे त्याला माणसानेच सांगायचे असते. बोरघाटात कर्जतहून लोणावळ्याकडे १:३७ च्या चढावर वळणेही अशाच जागांमध्ये जखडलेली आहेत. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. तिथे गणिताला आदर्श वाटणारी वळणरेषा बाजूला ठेवून कमीत कमी सरकवणुकीत एकसारखे होणारे वळण शोधावे लागते.

वळणाची सरळी बाहेरच्या रुळाच्या उंचावणीपासून वेगळी काढता येत नाही. ८७५ मीटरच्या वळणावर ताशी १०० किलोमीटरच्या गाडीला पुरा तोल मिळायचा तर बाहेरचा रूळ सुमारे १५८ मिलिमीटर उंच हवा. ५० च्या वेगाने जाणाऱ्या मालगाडीला ३९ पुरतात. मधला मार्ग म्हणून १०० ठेवले तर पहिलीला ५८ कमी पडतात आणि दुसरीला ६१ जास्त होतात. दोन्ही आकडे ७५ च्या रूढ मर्यादेत बसतात. पण मालगाड्या वाढल्या आणि उंचावणी जुन्या हिशेबाचीच राहिली, तर आतला रूळ दबू लागतो, त्याखालची खडी बसते आणि वळणाची रेषा मोडते. असे वळण दर पावसाळ्यानंतर सरळ करत बसण्यापेक्षा वाहतुकीचा तक्ता एकदा पाहावा.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळ्याच जातीचा. लांब जोडरूळ फिशप्लेटीची खडखड संपवतात, पण त्यांना लांबायला जागा नसते. मीटरला ६० किलो वजनाचा रूळ एका अंशाने तापला की त्यात सुमारे १.९ टनांचा दाब साठतो. रूळ ज्या तापमानाला ताण काढून पक्का केला त्याच्या ३० अंश वर गेला, तर दोन रुळांत मिळून शंभर टनांहून अधिक दाब होतो. वर्धा-भुसावळ पट्ट्यात मे महिन्याच्या दुपारी रूळ साठ अंशांच्या घरात जाणे नवलाचे नाही. हा दाब खडी पेलते: स्लीपरच्या दोन टोकांबाहेरचा खडीचा खांदा आणि स्लीपरांमधली भरण. जिथे खांदा ढासळला आहे आणि रुळात आधीच एखादा बाक आहे, तिथून दाब वाट काढतो आणि रूळ पाहता पाहता सापासारखा वळतो. हिवाळ्यात खपवून घेतलेले आठ मिलिमीटर इथे महागात पडतात.

म्हणून अशा मार्गावर स्लीपरखाली खडीचे पॅकिंग किंवा सरकवणूक करायची ती रुळाचे तापमान ताण काढल्याच्या तापमानापेक्षा १० अंश वर आणि ३० अंश खाली या टापूत असतानाच. हाताने काम असेल तर सलग ३० स्लीपरांपेक्षा जास्त खडी एका वेळी उघडायची नाही. तापमान २० अंश वर गेले की उष्ण हवामानाची गस्त सुरू होते. रूळ वळलाच तर पहिले काम दुरुस्तीचे नसते. दोन्ही बाजूंनी गाडी थोपवायची, ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळावर लावायचे. मग गॅसने रूळ कापून दाब मोकळा करायचा आणि त्यानंतर मार्ग जागेवर आणायचा. वळलेला तापता रूळ कापल्याशिवाय ढकलायला जाणे म्हणजे जिवाशी खेळ.

दुरुस्तीतला मोठा वाटा आता टॅम्पिंग यंत्राचा आहे. ते रूळ उचलते, बाजूला सरकवते आणि सेकंदाला ३५ कंपने देणारे दाते खडीत घालून ती स्लीपरखाली आवळते. रविवारच्या मेगाब्लॉकच्या नावाने मुंबईकर बोटे मोडतो, त्यातले कितीतरी तास या यंत्राचे असतात. यंत्राच्या दोन रीती आहेत. एकीत ते स्वतःच्याच लांबीची दोरी धरून दोष मोजते आणि कमी करते. पण यंत्राचे मागचे टोक नुकत्याच सुधारलेल्या मार्गावर असले तरी पुढचे टोक बिघडलेल्या मार्गावरच असते. त्यामुळे दोष आक्रसतो, पुरा जात नाही, आणि लांब लाट जवळजवळ जशीच्या तशी राहते. दुसऱ्या रीतीत आधी मार्गाची मोजणी करून कोणत्या स्लीपरला किती उचल आणि किती सरकवणूक हे यंत्राला आगाऊ दिले जाते. या मोजणीला माणसे आणि वेळ लागतो, म्हणून सोयीची पहिली रीत सर्रास चालते आणि तेच ठिकाण पुढच्या वर्षी पुन्हा यादीत येते.

पुन्हा यादीत येणाऱ्या जागेला दुसरेही कारण असते, आणि ते रुळाखाली असते. मार्ग-अभियंत्यांच्या परिषदांत यंत्रांवर फार आणि निचऱ्यावर थोडे बोलले जाते. हे प्रमाण उलटे झाले तर बरे. देशावरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा भराव वर्षातून दोनदा हलतो आणि मार्ग त्याच्याबरोबर. खडीत माती मिसळली की पाणी अडते, स्लीपर गाडीबरोबर चिखल उपसू लागतो आणि बाजूचा आधार जातो. तिथे यंत्र कितीदाही फिरवले तरी सरळी टिकत नाही. खडी चाळून माती काढावी लागते, बाजूचे गटार मोकळे करावे लागते, भरावाचा खांदा बाहेरच्या बाजूला उतरता करावा लागतो. कोकण रेल्वेच्या खोल खोदाईंत पाणी वरून येते, तेव्हा तिथे डोंगरमाथ्यावरचे गटार हेच मार्गाच्या सरळीचे पहिले संरक्षण ठरते.

काम झाल्यावर खडी सैल झालेली असते आणि तिचा आडवा विरोध पूर्वीपेक्षा कमी. त्यामुळे गाड्यांचा वेग आधी उतरवतात आणि वाहतुकीने किंवा कंपन देणाऱ्या स्थिरकारी यंत्राने खडी बसत जाईल तसा टप्प्याटप्प्याने वाढवतात. व्हर्साइन पुन्हा मोजून वळणाच्या नोंदवहीत जुन्या आकड्यांशेजारी लिहिली जातात. विजेच्या मार्गावर आणखी एक तपासणी असते. वरची तार पेंटोग्राफ एकाच जागी झिजू नये म्हणून सरळ मार्गावर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना २०० मिलिमीटरपर्यंत नागमोडी ओढलेली असते. रूळ सरकला की मध्यरेषा सरकते, तार मात्र तिथेच राहते. म्हणून मोठ्या सरकवणुकीची सूचना कर्षण विभागाला आधी द्यायची, खांबावर रंगवलेले रुळापर्यंतचे अंतर नव्याने मोजायचे आणि फलाट जवळ असेल तर त्याच्या काठापासूनची मोकळी जागाही.