जातिवंत पिल्लाची पारख

कुत्रें पाळावयाचें तर तें जातिवंतच असावें, ही हौस शहरांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांतूनहि आतां चांगलीच रुजली आहे. जाहिरात वाचून, पदरचे पुष्कळ पैसे मोजून, जर्मन शेफर्डचें पिल्लूं घरीं आणलें जातें. मुलांचा आनंद गगनांत मावत नाहीं. पण चार दिवस जातात न जातात तोंच कोणी शेजारी पिल्लाच्या लोंबत्या कानांकडे पाहून म्हणतो, "हें कसलें शेफर्ड? हें तर आपलें गांवठी!" तेवढ्या एका वाक्यानें घरांत संशय शिरतो, आणि पिल्लाकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

वास्तविक या वयांत रूपावरून कुळाचा निवाडा करणें जाणत्यांनाहि कठीण असतें. जर्मन शेफर्डचे कान जन्मतः ताठ नसतात; ते कांहीं महिन्यांनीं उभे राहतात, आणि दांत येण्याच्या दिवसांत उभे राहिलेले कानहि कधीं कधीं पुन्हां पडतात. लहानपणीं काळपट दिसणारें अंग पुढें तांबूस होतें. लांब केस हेंहि संकराचें लक्षण नव्हे. आंखूड केसांच्या आईबापांत तो गुण सुप्त असूं शकतो, आणि दोघांकडूनहि आला म्हणजे पिल्लांत प्रकट होतो. ठिपक्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या डाल्मेशियन जातीचीं पिल्लें तर जन्मतां पांढरीं शुभ्र असतात. ठिपके मागाहून उमटतात. उलट, रूप जुळलें म्हणून कूळ शुद्धच ठरतें असेंहि नाहीं.

मग शुद्ध कूळ म्हणजे काय? १८९९ सालीं जर्मनींत माक्स फॉन श्टेफानित्स या लष्करी अधिकाऱ्यानें मेंढपाळी कुत्र्यांपैकीं एक कुत्रा विकत घेतला, त्याचें नांव होरांड ठेविलें, आणि त्याच वर्षीं संस्था स्थापून तिच्या वंशवहींत तें नांव पहिलें लिहिलें. त्यापूर्वीं मेंढ्या राखणाऱ्या त्याच कुत्र्यांना जातीचा दाखला कोणी विचारला नव्हता. तात्पर्य, शुद्ध कूळ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या अखंड राखलेली नोंद. ती पिल्लाच्या तोंडावर वाचतां येत नाहीं.

भारतांत अशी नोंद चेन्नई येथील केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था ठेवते. तिच्या दाखल्यावर आईबापांचीं व पूर्वजांचीं नांवें असतात. पण कागद एका पिल्लाचा आणि पिल्लूं दुसरेंच, असेंहि घडूं शकतें. याकरितां तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप त्वचेखालीं बसवितात. वाचक यंत्र फिरवितांच तिचा १५ अंकी क्रमांक दिसतो. तो दाखल्याशीं जुळला म्हणजे कागद याच पिल्लाचा, एवढें सिद्ध होतें. कागदावरचा मजकूर खरा कीं खोटा, हें चिप सांगत नाहीं. एकाच वेतांतील पिल्लांचे बाप निरनिराळे असूं शकतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे प्रामाणिक विक्रेताहि कसा चुकतो तें कळतें. अशा वेळीं दाखल्यावरचे आईबापच खरे आईबाप कीं नाहींत, याचा निवाडा आई, बाप व पिल्लूं या तिघांच्या डीएनए तपासणीनें होतो.

हा सारा संशय पैसे देण्यापूर्वीं उपयोगी. नंतर त्याचा केवळ जाच होतो. केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या नियमांप्रमाणें पैदास करणाराला राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लूं विकतां येत नाहीं. घेणारानें तो नोंदणीक्रमांक विचारावा, पिल्लाची आई त्याच जागीं पाहावी, आणि आईबापांच्या खुब्यांचें क्ष-किरण चित्र मागावें; कारण खुब्याचा आनुवंशिक विकार या जातींत वारंवार आढळतो, आणि कुळाचा दाखला त्यापासून रक्षण करीत नाहीं. जो आई दाखविण्याचें टाळतो, त्याच्या दारांतून रिकाम्या हातानें परतावें, हेंच शहाणपणाचें.

आणि संशय खरा ठरला तर? दाद विक्रेत्याकडे मागावी. तो न ऐकेल तर ग्राहक आयोगाकडे जावें. परंतु पुष्कळदां शिक्षा भोगतें तें पिल्लूं. त्याच्यावरचा लोभ आटतो, साखळी आंखूड होते, आणि एके दिवशीं त्याला दूरच्या रस्त्यावर सोडून दिलें जातें. प्राण्याला असें विनाकारण टाकून देणें हा १९६० च्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. शिवाय ज्यासाठीं जातीचा एवढा आग्रह, तो स्वभाव तरी जातीनें कितपत मिळतो? २०२२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासांत असें दिसून आलें, कीं कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यांत जो फरक असतो, त्यापैकीं सुमारें ९ टक्केच जातीवरून सांगतां येतो. मुलांच्या सोबतीला जो स्वभाव हवा होता, तो दाखल्यावर कधींच लिहिलेला नव्हता. खोटें बोलला असेल तो विक्रेता. पिल्लानें आपल्या कुळाविषयीं कोणाला कांहींच सांगितलेलें नसतें.