पुनरुत्थान आणि माणसाची आशा



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय कळवावयास सांगितले तेव्हा 'पुनरुत्थान' हा शब्द लिहिताना आमचा हात थोडा अडखळला. ज्या व्यासपीठावरून राजकारण, अर्थकारण, साहित्य यांची चर्चा होते, तेथे मेलेला माणूस उठल्याची गोष्ट सांगावयाची म्हणजे श्रोत्यांच्या सौजन्याची परीक्षाच पाहणे होय. पण ज्या विश्वासाच्या आधारावर दोन हजार वर्षे असंख्य लोकांनी आपली माणसे मातीआड केली, त्या विश्वासात नेमके आहे तरी काय, हे एकदा शांतपणे पाहावयास हरकत नसावी. आम्ही ख्रिस्ती घरात वाढलो. तथापि येथे कोणाचे मन वळवण्यासाठी उभे नाही. जे आम्हांला स्वतःलाच सहजासहजी पटले नाही, ते कसे पटत गेले, एवढेच सांगावयाचे आहे.

प्रथम एक सोपी तुलना बाजूला ठेवू. ईस्टरचा सण २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी धरतात. म्हणजे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हातरी येतो. आपल्याकडे त्या सुमारास पिंपळाला तांबूस पालवी फुटलेली असते, आंब्याला कैऱ्या धरलेल्या असतात. साहजिकच उपदेशकांना मोह होतो आणि ते सांगतात, पाहा, निसर्गही मरतो आणि पुन्हा जिवंत होतो. ऐकावयास हे गोड वाटते. पण ऑस्ट्रेलियात त्याच दिवसांत शरद ऋतू चालू असतो, तेथील उपदेशकाने काय करावे? आणि मुख्य म्हणजे, पिंपळाला पालवी फुटते ती तो मेलेला नसतो म्हणून. मुळापासून वठलेल्या झाडाला वसंतही काही करू शकत नाही. पौलाने बीजाचा दाखला दिला आहे हे खरे, पण त्याचा रोख निराळा आहे. पेरतो ते आणि उगवते ते यांत केवढे अंतर असते, इकडे त्याला लक्ष वेधावयाचे आहे. येशूच्या बाबतीत शुभवर्तमाने सांगतात ती गोष्ट साधी आणि कठोर आहे. तो शुक्रवारी मेला, आणि त्याच्याबरोबर त्याच्या माणसांची आशाही मेली.

ही कल्पना आली कोठून? जुन्या कराराच्या बहुतेक भागांत मृत्यूनंतरच्या जीवनाविषयी फारसे काही नाही. मेलेले अधोलोकात जातात, तेथे ना स्तुती ना स्मृती, असाच एकंदर सूर आहे. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले. परदेशी नेलेल्या लोकांमध्ये यहेज्केल संदेष्टा होता. त्याने सुकलेल्या हाडांनी भरलेले खोरे पाहिले आणि ती हाडे उभी राहताना पाहिली. पण तेथे आशा होती ती राष्ट्राच्या उठण्याची. एकेका माणसाचा प्रश्न पुढे उभा राहिला, तो चौथ्या अँटायोकसच्या काळात. इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास या राजाने यरुशलेमचे मंदिर विटाळले आणि यहुदी नियमशास्त्र पाळण्यावर बंदी घातली. जे वाकले ते वाचले, जे वाकले नाहीत ते मेले. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात एका आईची आणि तिच्या सात मुलांची कथा आहे. तिच्या डोळ्यांदेखत सातही मुले हालहाल करून मारली जातात, आणि ती त्यांना धीर देते तो पुनरुत्थानाच्या बळावर. श्रोतेहो, येथे थोडे थांबावे असे आम्हांला वाटते. पुष्कळांचा समज असा, की मरणाच्या भयाने माणसाने हे स्वप्न रचले. इतिहास पाहू जाता प्रश्न भयाचा दिसत नाही, न्यायाचा दिसतो. देवाला धरून राहिले म्हणूनच जे मेले, त्यांचा हिशेब कोठे लागावयाचा? जुलमी राजाचा शब्द हाच शेवटचा शब्द काय?

आपणां बहुतेकांच्या मनावर गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा संस्कार आहे. आत्मा अविनाशी, देह वस्त्रासारखा. त्यामुळे पुनरुत्थान म्हणजे हेच काहीतरी, फक्त परकीय पोशाखात, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तसे नाही, आणि हा भेद श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्यासाठी नव्हे, नीट कळावा म्हणून पाहावयाचा. ऑस्कर कुलमान या विद्वानाने १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात याच भेदावर व्याख्यान दिले. त्याने दोन मृत्यू समोरासमोर ठेवले. सॉक्रेटिस विषाचा पेला शांतपणे पितो, कारण मृत्यू त्याला मित्र वाटतो; तो आत्म्याला देहाच्या तुरुंगातून सोडवतो. येशू मात्र गेथशेमाने बागेत व्याकूळ होतो, शिष्यांना जागे राहावयास विनवतो, पेला टळावा म्हणून प्रार्थना करतो. पहिल्याच्या बाजूस जितकी भव्यता आहे, तितकी दुसऱ्याच्या बाजूस दिसत नाही. पण ज्यांच्या घरी तरुण माणूस गेले आहे, त्यांना या दोहोंतला कोण आपला वाटेल, हे आम्ही सांगावयास नको. ख्रिस्ती श्रद्धा मृत्यूला मित्र म्हणत नाही. पौलाने त्याला शत्रू म्हटले आहे, शेवटचा शत्रू.

आता त्या रविवारच्या पहाटेकडे वळू. मार्काचे शुभवर्तमान चौघांत सर्वांत जुने, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत कथा संपते ती अशी, की स्त्रिया कबरेपाशी गेल्या, धोंड लोटलेली दिसली, तो उठला आहे असे त्यांनी ऐकले, आणि थरथर कापत तेथून पळाल्या. भयामुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढच्या ओळी नंतर जोडलेल्या आहेत. पुनरुत्थानाचा पहिला परिणाम आनंद नव्हे, भय! कोणी बनावट कथा रचावयास बसला असता तर त्याने असा शेवट केला असता काय? शिवाय साक्षीदार म्हणून स्त्रिया. त्याच शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो की स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये. पुढच्या शतकात सेल्सस नावाच्या टीकाकाराने, एका भ्रमिष्ट बाईच्या सांगण्यावर हा सगळा डोलारा, अशी टर उडवली. पण चारही शुभवर्तमानांत कबरेपाशी पहिल्या स्त्रियाच आहेत.

त्यांतली मग्दालीया मरिया योहानाने फार जवळून दाखवली आहे. कबर रिकामी आहे, आणि ती बाहेर रडत उभी आहे. रिकाम्या कबरेने तिचे समाधान झालेले नाही. उलट प्रेतही गेले म्हणून ती अधिकच रडते. येशू मागे उभा असतो, त्याला ती माळी समजते. तो तिला नावाने हाक मारतो, तेव्हा ती ओळखते. दिव्य तेज नाही, कडकडाट नाही. फक्त नाव.

येथे घरातली एक गोष्ट सांगण्याची परवानगी असावी. आमचा धाकटा भाऊ ईस्टरच्या आधी थोडे दिवस तापाने गेला. मंडळीतले लोक भेटावयास येत. त्यांचा हेतू चांगलाच होता. प्रत्येक जण आईला म्हणे, रडू नका, तो उठणार आहे. आईने लोकांसमोर रडणे सोडले आणि ती स्वयंपाकघरात, चुलीकडे तोंड करून रडू लागली. ईस्टरच्या सकाळी सगळे गात होते. आम्ही गायलो नाही. खरे सांगावयाचे तर पुढे कित्येक वर्षे त्या गीतांचा आम्हांला राग येई. आमच्या आत्याबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण शुभवर्तमान त्यांना तोंडपाठ. एके दिवशी त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि आईला म्हणाल्या, "वहिनी, रडून घ्या. त्याने मरियेला रडू नको म्हटले नाही. का रडतेस, एवढेच विचारले."

आम्ही तेव्हा दाराशी होतो. धर्मशास्त्रावरचे बरेच ग्रंथ पुढे वाचले, पण या वाक्यापलीकडे त्यांतल्या थोड्यांनीच नेले. बेथानीला लाजाराच्या कबरेपाशी येशू रडला, आणि त्याला उठवणार हे ठाऊक असून रडला, हेही मग नव्याने दिसले. शोक करणे म्हणजे अविश्वास, ही समजूत शुभवर्तमानातली नव्हे. ती आपण शोकाला घाबरतो म्हणून निघालेली आहे.

पुरावा काय, असे कोणी विचारील. विचारावेच. पौलाने करिंथकरांस पहिले पत्र लिहिले ते इ. स. ५५ च्या आसपास, म्हणजे घटनेनंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी. उठलेला येशू ज्यांना दिसला त्यांची यादी तो देतो. पेत्र, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, आणि शेवटी आपण स्वतः, छळ करणारा. पाचशेंपैकी पुष्कळसे अजून हयात आहेत, असेही तो नमूद करतो. म्हणजे जा आणि विचारा. यावरून एवढे निश्चित म्हणता येते, की त्या माणसांना आपण त्याला पाहिले असे मनापासून वाटत होते आणि त्यांतल्या काहींनी त्यासाठी प्राण दिले. त्यापुढे इतिहासाचा हात पोचत नाही. यरुशलेमच्या पवित्र कबरेच्या मंदिरात २०१६ साली दुरुस्तीसाठी संगमरवरी फरशी उचलली गेली. आत चुनखडीच्या खडकाची चौथऱ्यासारखी जागा मिळाली. तेथल्या चुन्याच्या तपासणीतून काळ निघाला तो इ. स. ३४५ च्या सुमाराचा, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या बांधकामाशी जुळणारा. शास्त्रज्ञांचे काम चोख होते. पण त्या दगडाने कोणाची श्रद्धा वाढली वा घटली असेल असे आम्हांला वाटत नाही. रिकामी जागा मरियेनेही पाहिली होती, आणि ती रडतच होती.

म्हणून आम्हांला थोमा जवळचा वाटतो. इतरांच्या सांगण्यावर तो विसंबला नाही. खिळ्यांच्या खुणा पाहीन, त्यांत बोट घालीन, तरच मानीन, असा त्याचा हट्ट. आठ दिवसांनी येशू येतो आणि हात पुढे करतो. कॅराव्हाजिओच्या प्रसिद्ध चित्रात थोमाचे बोट जखमेत शिरलेले दिसते. पण योहानाचे लिखाण नीट वाचावे; त्याने खरोखर बोट घातले असे तेथे कोठेच म्हटलेले नाही. पाहणे पुरले. हाच थोमा पुढे इ. स. ५२ मध्ये मलबारच्या किनाऱ्यावर उतरला, अशी केरळच्या ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे. म्हणजे भारतात ही वार्ता प्रथम आणल्याचा मान परंपरेने शंका घेणाऱ्याला दिला आहे, याची आम्हांला गंमत वाटते.

पण मुद्दा जखमांचा. ज्या देवाने मेलेला देह उठवला त्याला व्रण पुसता आले नसते काय? तरीही उठलेल्या देहावर खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत. शुक्रवार झालाच नाही असे रविवार म्हणत नाही. ज्याचे मूल गेले त्याला दुसरे मूल झाले तरी पहिल्याची जागा रिकामीच राहते. पुनरुत्थानाची आशा त्या रिकाम्या जागेवर पडदा टाकीत नाही. ती आशा एवढेच म्हणते, की जखम खरी आहे, आणि तरीही ती शेवटची गोष्ट नाही. याहून अधिक सांगणाऱ्यांवर आमचा फारसा विश्वास नाही.

अशी आशा माणसाच्या हाताकडून काय करवून घेते, याचे उदाहरण पुण्याहून फार दूर नाही. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईबाप आणि बहीण गमावली, १८८० साली भाऊ, १८८२ साली पती. हाती उरली एक मुलगी, मनोरमा. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी शेकडो अनाथ मुली आणि विधवा केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. जिने आपली माणसे भुकेने मरताना पाहिली, तिने इतरांच्या मुली मरू दिल्या नाहीत. बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्या वर्षानुवर्षे करीत होत्या, आणि ते छापण्याच्या कामी मुक्तिसदनातल्याच मुली होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. रमाबाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. मुलीच्या मृत्यूनंतरच्या त्या महिन्यांत कबरेपाशी रडणाऱ्या मरियेचा अध्याय त्यांच्या नजरेखालून गेला असेल काय, हा विचार आमच्या मनात अनेकदा येतो.

लूकाने सांगितलेली एक कथा राहिली. त्याच रविवारी दोघे जण यरुशलेमहून अम्माऊस गावाकडे पायी निघाले होते, सुमारे अकरा किलोमीटर. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांना गाठतो आणि कसली बोलणी चालली आहेत असे विचारतो. ते झालेले सगळे सांगतात, आणि म्हणतात की इस्राएलाची सुटका करणारा तो हाच, अशी आपली आशा होती. 'होती', असे. त्यांनी स्त्रियांकडून बातमीही ऐकलेली आहे, तरी पाय गावाकडे चाललेच आहेत. तो त्यांना चुकीचे ठरवून परत फिरवीत नाही. त्यांच्याच दिशेने त्यांच्याबरोबर चालतो. संध्याकाळ होते, ते त्याला राहण्याचा आग्रह करतात, आणि भाकर मोडताना त्याला ओळखतात. ओळखले, तोच तो दिसेनासा होतो. रात्र पडलेली, दिवसभराचे चालणे झालेले. ते त्याच घटकेस उठतात आणि आलेली वाट परत चालू लागतात.

आमच्याकडे ईस्टरच्या पहाटे, उजाडण्यापूर्वी, दफनभूमीत उपासना करण्याची चाल काही मंडळ्यांत आहे. जर्मनीतल्या हेर्नहूट गावी १७३२ साली काही तरुणांनी अशी पहिली उपासना केली, असे सांगतात. गीते संपली की लोक पांगतात आणि जो तो आपापल्या माणसाच्या कबरेकडे जातो. आमची आई भावाच्या कबरेवरचा पाचोळा पदराने झाडी, मोगऱ्याची चार फुले ठेवी आणि थोडा वेळ तेथेच बसे. अलीकडे त्या सकाळी आम्हीही गातो.