तंबाखू सोडणाऱ्याची सोबत
(ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काही मंडळी मुद्दाम मागच्या रांगेत बसली आहेत. त्यांनी निश्चिंत असावे. तंबाखू वाईट आहे, एवढेच सांगण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. ती गोष्ट खाणारा आपणा सर्वांहून अधिक जाणतो; पुडीवर ती चित्रासह छापलेलीच असते. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० साली दाखवून दिला, त्याला पाऊणशे वर्षे झाली. तेव्हा उणीव ज्ञानाची नाही. उणीव आहे ती सोबतीची, आणि तिच्याविषयीच आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत.

हे व्यसन माणसाला जडते कसे, ते प्रथम पाहू. एकांतात बसून, सारासार विचार करून, कोणी तंबाखूचा पहिला बार भरीत नाही. बांधावर विसावा घेताना कोणी चंची उघडतो, चुना लावून तंबाखू मळतो आणि चिमूट शेजाऱ्यापुढे करतो. कचेरीत चहाच्या वेळी मित्राचे सिगारेटचे पाकीट पुढे येते. घरात आजी तव्यावर मशेरी भाजते. नात त्या वासातच वाढते आणि एके दिवशी दाढ दुखली म्हणून तीही बोट लावते. मागताना संकोच नाही आणि देताना हात आखडत नाही, अशा वस्तूंत तंबाखू पहिली. जी वस्तू दहा जणांच्या स्नेहाने घरात आली, ती एकट्याच्या निश्चयाने घराबाहेर जावी, ही अपेक्षा आम्हांस न्यायाची वाटत नाही.

आणि शत्रू तरी सामान्य आहे काय? तंबाखूतील निकोटिन मेंदूला आपल्या नियमित हजेरीची सवय लावते. ते मिळेनासे झाले की माणूस चिडतो, त्याची झोप उडते, कामात लक्ष लागत नाही. पहिले तीन दिवस बहुधा सर्वांत कठीण असतात आणि हा त्रास साधारणपणे काही आठवड्यांत ओसरतो. ज्याला हे ठाऊक नाही तो म्हणतो, ‘माझे मनच दुबळे.’ ज्याला ठाऊक आहे असा कोणी जवळ असला, तर तो म्हणतो, ‘आज दुसरा दिवस आहे, परवापासून उतार पडू लागेल.’ एकाच दुखण्याचे हे दोन अर्थ. पैकी दुसरा सांगावयास मनुष्य जवळ असावा लागतो.

सोबतीचे हे महत्त्व केवळ भावनेचे नव्हे, याला परदेशातील एक दाखला आहे. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम येथे १९४८ पासून तेथील रहिवाशांच्या हृदयविकारांचा अभ्यास चालू आहे. त्या नोंदींवरून ख्रिस्ताकिस आणि फाउलर या अभ्यासकांनी १९७१ ते २००३ या काळातील १२,०६७ माणसांच्या धूम्रपानाचा आणि त्यांच्या परस्परसंबंधांचा शोध घेतला. २००८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, पतीने किंवा पत्नीने धूम्रपान सोडले असता दुसऱ्याने ते करीत राहण्याचा संभव ६७ टक्क्यांनी घटतो. मित्राने सोडले असता ३६ टक्क्यांनी, भावाने वा बहिणीने सोडले असता २५ टक्क्यांनी. माणसे एकेकटी सुटली नाहीत, गटागटाने सुटली.

मात्र त्याच अभ्यासात एक दुःखाची बाजूही दिसली. जे सोडू शकले नाहीत, ते हळूहळू आपापल्या समूहाच्या कडेला गेले. ज्ञातिसंस्थांनी यातून बोध घेतला पाहिजे. एके काळी जातीच्या हाती वाळीत टाकण्याचे शस्त्र होते, आणि त्याने किती घरे पोळली हे वृद्ध मंडळींना सांगावयास नको. महाराष्ट्राने २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविला, हे योग्यच झाले. परंतु ‘हा व्यसनी’ असे म्हणून नाक मुरडणे, हा त्याच बहिष्काराचा धाकटा भाऊ आहे. त्याने तंबाखू सुटत नाही. माणूस ती लपून खाऊ लागतो, एवढेच.

म्हणून पाळत आणि सोबत यांतील भेद ध्यानी घ्यावा. पाळत ठेवणारा खिसे चाचपतो. सोबत करणारा तल्लफ आली की ‘चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ’ म्हणतो. पाळत ठेवणारा विचारतो, ‘पुन्हा खाल्लीस ना?’ सोबत करणारा विचारतो, ‘आज कितवा दिवस?’ आणि एखादे दिवशी पाऊल घसरलेच, तर मागचे वीस दिवस फुकट गेले असे न म्हणता एकविसावा दिवस उद्यापासून पुन्हा मोजू लागतो. बहुतेकांना ती कायमची सुटण्यापूर्वी एकाहून अधिक प्रयत्न करावे लागतात.

भगिनींनो, हे व्यसन पुरुषांचे, अशी समजूत करून घेऊ नये. मुंबईतील १,२१७ गर्भवतींचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरी किंवा तत्सम बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. आमच्या परिचयाच्या एका घरी पतीने चंची आणि पत्नीने मशेरीचा डबा एकाच दिवशी बाहेर काढला. पहिल्या आठवड्यात दोघेही इतके चिडखोर झाले की, मुलांनीच त्यांची समजूत घालावी. पण कोणीही कोणाला उपदेश करू शकत नव्हते, आणि तेच त्यांच्या पथ्यावर पडले.

आपल्या राज्यात २००९-१० साली ३१.४ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत. २०१६-१७ च्या पाहणीत हे प्रमाण २६.६ टक्के आढळले. म्हणजे सुटका शक्य आहे. पण त्या दुसऱ्या पाहणीतही चार प्रौढांमागे एकाहून अधिक जण गुंतलेलेच होते. याच स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर दिवंगत ज्ञातिबांधवांची नावे असतात. त्यांतील काही नावांपुढील ‘अल्पशा आजाराने’ या दोन शब्दांआड कोणता आजार होता, हे त्या त्या घरांना ठाऊक आहे.

तेव्हा संस्थेपुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या लग्नमुंजींतील तबकातून तंबाखू काढावी आणि सुपारीही काढावी. सुपारीही कर्करोगास कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या ग्रंथात स्पष्ट केले आहे; तिच्या जागी बडीशेप, वेलदोडा, खडीसाखर ठेवावी. पाहुण्याचा मान त्याने उणावत नाही. दुसरी, जो सोडू इच्छितो त्याला त्याच्या पसंतीचा एक सोबती द्यावा, आणि त्याने महिनाभर रोज एकदा तरी विचारपूस करावी. गरज वाटल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शनही मिळते. तिसरी, पुढील संमेलनात ज्यांची इच्छा असेल त्यांचेच अभिनंदन करावे. ज्यांना साधले नाही त्यांची यादी कोणी करू नये.

मागच्या रांगेतील बंधूंनो, आपणांस आज येथे काहीही शपथपूर्वक सांगावयाचे नाही. घरी जाताना एकच गोष्ट करावी: ज्याच्यापाशी मन मोकळे करता येईल, अशा एका माणसाचे नाव मनाशी ठरवावे. आणि इतरांनो, ते नाव आपले निघाले, तर आपले दार उघडे असावे.