घरचे विमान अडखळते तेव्हा

धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर शिकाऊ विमाने पाहून एखाद्या मुलाने घरच्या संगणकावर विमान चालवायला घ्यावे, यात नवल नाही. पण पडद्यावरचे चित्र अडखळू लागले, की नव्या ग्राफिक्स कार्डाचा हट्ट सुरू होतो. थांबा! कपाशीचे पैसे खर्ची घालण्याआधी एक परीक्षा करा. चित्राचे रिझोल्यूशन उतरवा. वेग वाढला, तर ताण चित्र काढणाऱ्या कार्डावर आहे. तसाच राहिला, तर तो बहुधा हिशेब करणाऱ्या प्रोसेसरवर. मग महागडे कार्ड आणून काय उपयोग? त्यापेक्षा दूरवरच्या भूभागाचा तपशील आणि रहदारी कमी करा.

आपल्याकडचे दुखणे मात्र पुष्कळदा निराळेच असते. पहिली वीस मिनिटे विमान झकास चालते, मग मंदावते. असे होते ना? मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपुढे जातो. तापलेला प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग आपणच उतरवतो. यंत्र बंद करून वायर काढा, पंख्याचे पाते बोटाने धरा आणि मऊ ब्रशने धूळ झाडा. लॅपटॉप गादीवर ठेवत असाल, तर आधी तो टेबलावर घ्या.