भूल उतरली नाही तर?

हाडाच्या ऑपरेशनसाठी गटातून कर्ज घ्यायला आलेली बाई व्याजाचं नंतर विचारते. आधी विचारते, "ताई, भूल उतरली नाही तर?" म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

खुब्याचं किंवा मांडीचं हाड मोडलं, तर पुष्कळदा कमरेत सुई देऊन फक्त खालचा भाग बधिर करतात. पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा तशीच दुसरी अडचण असेल, तर पूर्ण भूल द्यावी लागते. ती बहुधा दोन वाटांनी देतात. आधी शिरेतून. प्रोपोफॉल हे औषध दुधासारखं पांढरं दिसतं, ते बघून घाबरू नका. मिनिटभरात डोळा लागतो. पण त्याचा एक डोस ५-१० मिनिटांत ओसरतो, आणि हाडात सळई बसवायला तास-दोन तास सहज जातात. म्हणून पुढे श्वासातून सेव्होफ्लुरेनसारख्या औषधाची वाफ ऑक्सिजनबरोबर चालू ठेवतात. वेदना थांबवणारं आणि स्नायू सैल करणारं औषध शिरेतूनच जातं. मांडीचे स्नायू ताठ राहिले, तर मोडलेलं हाड जागेवर येत नाही.

काम संपत आलं की वाफ बंद करतात. ती श्वासावाटेच बाहेर पडते आणि माणूस जागा होतो. तोवर भूलतज्ज्ञ उशाशी नाडी, बीपी, ऑक्सिजन बघत असतात.

मला जास्त काळजी वाटते ती भरल्या पोटाची. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून भरपेट जेवण ८ तास आधी, हलकं खाणं ६ तास आधी आणि साधं पाणी २ तास आधी बंद. दुधाचा चहा खाण्यातच धरायचा बरं का! सासूबाईंना उपाशी बघवत नाही म्हणून सून बिस्किट देते, आणि मग दोघी गप्प बसतात. सांगितलं तर फार तर ऑपरेशन पुढे जाईल.

मिश्रीचंही तसंच. नवऱ्यासमोर, दिरासमोर डॉक्टरांनी विचारलं, की आपण "नाही" म्हणतो. "मला एकटीशी बोलायचंय," असं सरळ म्हणा. तंबाखूनं नाडी आणि बीपी वाढतात, त्यांना ते कळायलाच हवं. हलणारा दात, कवळी, दमा हेही सांगा. रक्ताच्या नात्यात कुणाला भुलीत एकदम ताप चढला असेल, तर ते आवर्जून सांगा. क्वचित काही घराण्यांत या वाफेनं तसं होतं. मग वाफ टाळून सगळी भूल शिरेतूनच देता येते.

चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. त्या दिवशी सकाळी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, ते भूलतज्ज्ञांनाच विचारा.