अराता इझुमी : खेळाडू आणि शिक्षक

फुटबॉलच्या खेळाडूचें आयुष्य दुहेरी असतें. पहिलें धांवणाऱ्या पायांचें. तें पस्तिशीच्या सुमारास सरतें. दुसरें शिकविण्याचें, तें सर्वांच्याच वांट्यास येत नाहीं, आणि ज्यांच्या येतें त्यांच्या नांवाचा जयघोष प्रेक्षकांतून क्वचितच उठतो. परंतु देशाचा खेळ वाढतो तो बहुधा या दुसऱ्या आयुष्याच्या बळावर. जपानांत जन्मलेले, महाराष्ट्रांत नांवारूपास आलेले आणि भारताचे नागरिक होऊन भारतासाठीं खेळलेले अराता इझुमी यांचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

प्रथम जपानचीच गोष्ट घेऊं. १९६२ सालीं जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत भारतानें जपानला २-० असें हरविलें आणि शेवटीं सुवर्णपदकहि मिळविलें. त्या संघाचे गुरु सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. मूळचा पेशा शाळामास्तराचा. पुढच्याच वर्षीं ते निवर्तले, आणि त्यांची परंपरा पुढें चालवूं शकणारी मंडळी आपल्याकडे पुरेशी निपजली नाहींत. जपाननें मात्र १९६० सालींच डेटमार क्रामर या जर्मन शिक्षकास पाचारण केलें होतें. त्यांच्या सल्ल्यानें १९६५ सालीं तेथें राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली. पूर्वीं स्वतः जपानकडून खेळलेले केन नागानुमा यांच्या हातीं संघाचीं सूत्रें आलीं, व १९६८ सालीं मेक्सिको येथें जपाननें ऑलिंपिकचें कांस्यपदक पटकाविलें. १९९८ सालीं जपान प्रथमच विश्वचषकाच्या स्पर्धेंत उतरला, तोहि ताकेशी ओकादा या आपल्याच माजी खेळाडूच्या मार्गदर्शनाखालीं. खेळाडूनें शिक्षक व्हावें आणि शिक्षकानें नवे खेळाडू घडवावेत, हें चक्र तेथें फिरत राहिलें.

अशा देशांत, शिमोनोसेकी या गांवीं, ३१ जुलै १९८२ रोजीं इझुमी यांचा जन्म झाला. आई जपानी, वडील गुजराती. नीलकंठ खंबोळजा हें त्यांचें भारतीय नांव पितृकुळाची खूण होय. सिंगापूरांतील आल्बिरेक्स निगाता संघांतून खेळल्यावर २००६ सालीं ते कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबांत आले. पुढें मुंबईच्या महिंद्र युनायटेडमध्यें आणि २००९ सालीं पुणें एफ. सी. मध्यें दाखल झाले. मधल्या फळींतून चढाई रचणारे इझुमी बालेवाडीच्या मैदानावर प्रेक्षकांचे आवडते झाले. २०१२-१३ च्या आय-लीग स्पर्धेंत पुण्याचा संघ दुसरा आला.

परंतु क्लबासाठीं खेळणें वेगळें आणि देशासाठीं खेळणें वेगळें. २००८ सालीं भारत सरकारनें दंडक घातला कीं, ज्याच्याजवळ भारतीय पारपत्र असेल त्यासच राष्ट्रीय संघांतून खेळतां येईल. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीं. जपानचाहि प्रौढांस तें ठेवूं देत नाहीं. म्हणजे पित्याच्या देशाकडून खेळावयाचें तर मातेच्या देशाचें पारपत्र कायमचें परत करावयाचें. जें पारपत्र दाखवितांच बहुतेक देशांचे दरवाजे उघडतात, तें देऊन व्हिसाकरितां रांगेंत उभें करणारें पारपत्र घ्यावयाचें, असा हा सौदा होता. इझुमी यांनीं तो पत्करला आणि २०१२ सालीं ते भारताचे नागरिक झाले. त्यांच्यामागून या वाटेनें दुसरा खेळाडू येण्यास २०२५ साल उजाडावें लागलें; ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून आलेले रायन विल्यम्स हे ते खेळाडू होत.

डहाणू-घोलवडच्या बागाइतदारांस या रुजण्याचें फारसें नवल वाटणार नाहीं. तेथला चिकू मूळचा मध्य अमेरिकेंतला. त्याचें कलम बांधतात तें आपल्या खिरणीच्या खुंटावर. त्या बागा वाढविणाऱ्यांत इराणांतून आलेलीं घराणीं पुष्कळ. २०१६ सालीं त्याच चिकूस डहाणू-घोलवडच्या नांवानें भौगोलिक मानांकन मिळालें. आज त्या फळास वा त्या घराण्यांस परकें म्हणणारा कोण भेटेल? आपलेपणा जन्मानें लाभतो, तसाच रुजण्यानेंहि लाभतो.

हिशेबी मनुष्य विचारील कीं, इझुमी यांच्या त्यागाचें फळ काय? ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं कोची येथें ते भारताकडून प्रथम खेळले. त्या दिवशीं पॅलेस्टाइननें भारतास ४-२ असें हरविलें. वयाची तिशी तेव्हां उलटून गेली होती, आणि पुढेंहि आंतरराष्ट्रीय सामने त्यांच्या वांट्यास थोडेच आले. क्लबांची कथा तर याहून करुण. महिंद्र युनायटेड २०१० सालीं बंद पडला, पुणें एफ. सी. चा मोठा संघ २०१५ सालीं इतिहासजमा झाला. नंतर कोलकाता, पुणें सिटी आणि केरळ यांच्याकडून खेळून इझुमी यांनीं बूट उतरविले. ज्या क्लबांसाठीं घाम गाळला ते क्लबच उरले नाहींत, तर खेळाडूनें मागें ठेवावें तें काय?

याचें उत्तर त्यांच्या दुसऱ्या आयुष्यानें दिलें. नवी मुंबईंत घणसोली येथें २०१५ सालीं रिलायन्स फाउंडेशननें मुलांसाठीं निवासी फुटबॉलशाळा काढली. नाना प्रांतांतून मुलगे निवडावयाचे, त्यांचा शाळेचा अभ्यास व खेळ बरोबरच चालवावयाचा, अशी तिची रीत. तेथें इझुमी यांनीं प्रशिक्षकाचें काम पत्करलें. त्या शाळेंतून बाहेर पडलेले कित्येक मुलगे देशांतील मोठ्या क्लबांत गेले. महिंद्र युनायटेडचेच दुसरे माजी खेळाडू, कुवेतमध्यें जन्मलेले खालिद जमील यांनींहि हीच वाट धरली. २००९ पासून त्यांनीं मुंबई एफ. सी. चा संघ सांभाळला, २०१६-१७ मध्यें मिझोरामच्या ऐझॉल संघास आय-लीगचें विजेतेपद मिळवून दिलें, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदीं त्यांची नेमणूक झाली. क्लब बुडाला, परंतु तेथें मिळविलेली विद्या बुडाली नाहीं.

ही विद्या कोठपर्यंत पोंचते, हा खरा प्रश्न आहे. इझुमी भारताकडून प्रथम खेळले त्याच २०१३ सालीं मुंबईची लोकल गाडी डहाणू रोडपर्यंत धांवूं लागली. घणसोली त्यामुळें डहाणूला जवळ आली; तलासरीच्या डोंगराकडील पाड्यांना मात्र तें स्टेशन गांठणें हाच एक प्रवास असतो. निवड करणारे मोठ्या शाळांच्या मैदानांवर जातात. आश्रमशाळेंतील चपळ मुलाची वार्ता त्यांना कोणी तरी सांगावी लागते. तें काम त्या शाळेंतल्या शिक्षकाचें. चेंडू कसा थोपवावा, तो कोणाकडे व केव्हां द्यावा, हें अकराव्या-बाराव्या वर्षीं नीट शिकविणारा एक मनुष्य प्रत्येक शाळेस मिळाला, तर पुढची वाट मुलें स्वतः चालतील. प्रशिक्षकांचे वर्ग व परवाने यांची सोय देशांत झालेली आहे. तालुक्यांतील शिक्षकांस तेथें धाडण्याची इच्छा व खर्चाची तजवीज तेवढी हवी.

ज्या हक्कासाठीं इझुमी यांनीं आपलें पारपत्र परत केलें, तो हक्क तलासरीच्या मुलास जन्मतःच मिळालेला आहे. त्याच्याजवळ नाहीं तो केवळ शिकविणारा.