एका गुंठ्याची वाडी



घरामागे चार हात मोकळी जागा आहे, तिथे काहीतरी लावावे अशी हौस अनेकांना असते. कुणी नोकरीतून नुकता मोकळा झालेला असतो, कुणी शाळामास्तर असतो, कुणी सकाळच्या गाडीने मुंबईला जाऊन दिवेलागणीला परतणारा असतो. हौस चांगली. पण पहिला प्रश्न बहुधा एकच ऐकू येतो : "काय लावू?" मी म्हणतो, तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की, "माझ्याजवळ गोडे पाणी किती आहे?"

हा बोलण्याचा विषय नायगावचा, म्हणून हे मुद्दाम सांगतो. नायगावच्या दक्षिणेला वसईची खाडी. पूर्वेला जूचंद्रच्या अंगाला मिठागरे. पश्चिमेला कोळीवाडा, आणि उमेळ्यापासून पुढे वसईच्या जुन्या वाड्या. केळी, पानवेल, भाजीपाला, फुले यांवर इथल्या कितीतरी पिढ्या जगल्या. ही सगळी बागाईत खाऱ्या पाण्याच्या शेजारी कशी पिकली? तर जमिनीखाली पावसाचे गोडे पाणी साठते, आणि खारे पाणी जड असल्यामुळे गोडे त्याच्यावर तरंगत राहते. तवंगच म्हणा ना! शास्त्राचा हिशेब असा की, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. उलट, वरची पातळी एक फुटाने कायमची उतरली, तर खालचे खारे पाणी हळूहळू तेवढेच वर सरकू पाहते.

जुन्या माणसांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण वागणे बरोबर होते. विहिरीवर बैलांचा रहाट. तो उपसून उपसून किती उपसणार? शिवाय वाडीत बावखल, म्हणजे पावसाचे पाणी धरून ठेवणारे खोदीव तळे. बावखलात पाणी मुरायचे आणि विहीर गोडी राहायची. पुढे रहाट गेले, इंजिने आली, मग विजेचे पंप आले. वस्ती वाढली, टँकर भरू लागले, कितीतरी बावखले बुजवली गेली. उपसा वाढला आणि भरणा घटला; मग विहिरी मचूळ होऊ लागल्या यात नवल ते काय? विहीर सातबाऱ्यावर माझ्या नावाची असली, तरी खालचे पाणी शेजाऱ्याचेही आहे. माझ्या हौसेपायी त्याच्या पानवेलीला खारे पाणी लागता कामा नये, ही या छंदाची पहिली अट.

आता हिशेब करू. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. सुमारे १०० चौरस मीटर. उन्हाळ्यात भाजीला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे गुंठ्याला रोज ५०० लिटर. पावसाळा सरल्यावरचे २०० दिवस धरले, तर १ लाख लिटर. आता छपराकडे पाहा. या किनाऱ्यावर वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास, पुष्कळदा त्याहून अधिक पाऊस पडतो. ५० चौरस मीटर छपरावर तेवढ्या पावसात १ लाख लिटर पाणी पडते. थोडे वाया जाईल, पण जमाखर्च जवळजवळ जुळतो. एका घराच्या छपराने एक गुंठा पोसता येतो! मात्र ते पाणी पन्हळीने वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडले पाहिजे. पाच गुंठे असले, तरी पहिल्या वर्षी एकच गुंठा धरा, असे मी म्हणतो ते यासाठी.

विहिरीची परीक्षा वैशाखात घ्यावी. श्रावणात काय, सगळ्याच विहिरी गोड असतात! पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. विद्युतवाहकतेचा आकडा ०.७ च्या आत असेल, तर निर्धास्त राहा. ३ च्या वर असेल, तर भाजीचा नाद सोडा. मधल्या पाण्यावर माड, पालक, बीट तग धरतात; घेवडा, कांदा, गाजर रुसतात. पानांची टोके करपू लागली, की आणखी पाणी ओतण्याआधी ते पाणीच तपासावे.

जमिनीचे म्हणाल, तर रेवट जमिनीत पाणी थांबत नाही आणि खाडीकडच्या चिकण जमिनीतून ते निघत नाही. दोहोंवर औषध एकच, कुजलेले खत. केळीचे सोपट, पालापाचोळा, शेण, स्वयंपाकघरातली साले यांचा ढीग करा. पावसाळ्यात खड्डा नको, पाणी भरते. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. वाफ्यावर पेंढ्याचे किंवा पाल्याचे आच्छादन घाला. पाण्याची बचत दिसून येईल.

पहिल्या वर्षी पिके मोजकीच घ्यावीत. मृगाच्या सुमारास उंच वाफ्यांवर भेंडी आणि मांडवावर दोडका, पडवळ. दिवाळीच्या आगेमागे वांगी, मुळा, माठ. मोरीच्या पाण्यावर अळू आणि दोन केळी. केळ राजेळी असेल तर उत्तम. वसईची प्रसिद्ध सुकेळी होतात ती याच जातीची. चार-पाच कोंबड्या पाळायला हरकत नाही, पण त्यांची विष्ठा कुजवूनच घाला, ताजी घातली तर रोपे जळतात. शेळी मात्र नको, बरं का! कुंपण पक्के झाल्याशिवाय शेळी आणि वाडी एकत्र नांदत नाहीत.

हौसेसाठी जमीन विकत घेणाऱ्यांना एक इशारा. महाराष्ट्रात १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. सातबारा पाहा आणि जागेवर महापालिकेचे काही आरक्षण आहे का, तेही विचारा.

शिक्षक मित्रांनो, वर केलेला हिशेब मुलांकडून करवून घ्या. शाळेचे छप्पर त्यांनी मोजावे, पावसाची नोंद ठेवावी, विहिरीची पातळी दर महिन्याला दोरीने मापावी. गणित, भूगोल आणि विज्ञान एकाच दोरीला बांधले जाईल. आणि गावाला आपल्या पाण्याची वही मिळेल, जी आज फार थोड्या गावांजवळ आहे.

तेव्हा बियाण्याची पुडी आणण्याआधी पन्हळ बसवा. वाडी एका गुंठ्याची असो, तिच्या विहिरीत जेवढे पाणी आपण काढतो तेवढे परत घालणारा तिथला खरा बागाईतदार.